मालिकेतली ती ‘हो’ कधी म्हणते?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बदलापूर लोकलमध्ये नेट गेलं की ज्यांचा एपिसोड अर्ध्यात अडकतो, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग. बोललो तसंच लिहिलंय, थोडं झाडून-पुसून. मधले ‘अंऽऽ’ आणि मागून आलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्यात. एक गोष्ट आधीच सांगतो, या भागात लैंगिक अत्याचाराचे उल्लेख आहेत. नको वाटलं तर इथेच थांबा, अजिबात वाईट वाटणार नाही.

तर सुरुवात आमच्या घरातून. अंबरनाथ पूर्व, दोन खोल्या, आणि रात्री आठनंतर रिमोट आईकडे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण असंच आहे. मी आणि माझी धाकटी बहीण ताट घेऊन समोर बसतो आणि ‘आम्ही काही बघत नाही हां’ असं दाखवत सगळं बघतो. झी मराठीवर डिसेंबर २०२४ मध्ये ‘लक्ष्मी निवास’ सुरू झाली. त्यात भावना नावाची मुलगी आहे, तिचं लग्न जमत नाही म्हणून घरादाराला घोर लागलाय. सिद्धूला ती आवडते. आणि हा सिद्धू काय करतो, तर तिच्या नकळत तिच्या गळ्यात मंगळसूत्र घालतो. पुढे किती दिवस गोष्ट कशावर चालते? हे मंगळसूत्र घातलं कोणी, यावर.

आईचा हात पोळीवर थांबला. “अगं बाई, आता हिचं कसं व्हायचं?”

बहीण म्हणाली, “काय व्हायचं? काढून ठेवायचं.”

“असं कसं काढायचं?”

हा सगळा एपिसोड त्या एका “असं कसं”वर आहे, मंडळी.

आधी कायद्याचं पटकन सांगून टाकतो. कोणी झोपेत, गर्दीत, अंधारात तुमच्या गळ्यात काळे मणी अडकवले तर लग्न होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याच्या कलम ७ नुसार दोघांपैकी एकाकडच्या रीतीप्रमाणे विधी व्हावे लागतात. विधीच झाले नसतील तर लग्न नाही, हे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आणि विधी झाले, पण संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतली असेल, तर कलम १२ खाली ते लग्न कोर्टातून रद्द करून घेता येतं. म्हणजे बहिणीचं बरोबर होतं. काढून ठेवायचं.

पण माझ्या आईला कायदा माहीत नव्हता म्हणून ती “असं कसं” म्हणाली, असं मला वाटत नाही. गेली वीस-पंचवीस वर्षं ती रोज संध्याकाळी एक वेगळा कायदा शिकत आलीय. त्या कायद्यात बाईच्या अंगावर एखादी गोष्ट घडली की ती तिची होते. तिला हवी होती का, हा प्रश्न नंतरचा. बऱ्याचदा तो येतच नाही.

आता मालिका बनते कशी, ते थोडं समजून घेऊ, कारण ‘लेखकच वाईट’ म्हणून सोडून देणं फार सोपं आहे. रोजची मालिका म्हणजे जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, आठवड्याला सहा, कधी सात दिवस. ब्रेकला जाताना काहीतरी टांगून ठेवावं लागतं, त्याला हुक म्हणतात. दर गुरुवारी बार्कचे आकडे येतात, आणि आकडा पडला की ट्रॅक बदलतो. त्यात अर्ध्या गोष्टी दुसऱ्या भाषेतून आलेल्या. ‘लक्ष्मी निवास’ मूळ कन्नड. ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, तीच हिंदीत ‘अनुपमा’. म्हणजे एक सीन चालला की तो भाषा बदलून देशभर फिरतो.

आणि या घाईत सगळ्यात स्वस्त हुक कोणता? बाईच्या अंगावर काहीतरी घडणं. विचारण्याला वेळ लागतो, उत्तराला वेळ लागतो, आणि ‘नको’ म्हटलं तर गोष्टच संपली! त्यापेक्षा ती शिडीवरून पडते, तो झेलतो, चार कॅमेरे फिरतात, पार्श्वसंगीत. तो रागात तिचा दंड धरून भिंतीपर्यंत नेतो, तेच पार्श्वसंगीत. होळीला चुकून भांग पिते. पावसात भिजून बेशुद्ध होते आणि सकाळी त्याच्या खोलीत वेगळ्या कपड्यांत जागी होते. मग मोलकरीण येऊन सांगते, “कपडे मी बदलले, ताई,” आणि आपण सगळे सुटकेचा श्वास टाकतो. बघा ना, लेखकाला नेमकं माहीत आहे की इथे प्रश्न संमतीचा आहे. म्हणून तर मोलकरीण आणली! पण प्रश्न सुटल्यासारखा दाखवायचा आणि थरार मात्र ठेवायचा.

आता उलट बाजू, कारण मला मराठी मालिकांवर नुसता राग काढायचा नाहीये. आपल्याकडे एक सोफ्यावर झोपणारा हिरो आहे. २०१२ सालची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आठवते? स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, आपसात ठरवून केलेलं लग्न. स्टार प्रवाहवरची ‘ठरलं तर मग’ घ्या, सायली आणि अर्जुन, तिथेही लग्न कराराचं. या गोष्टींमध्ये नवरा-बायको एका खोलीत आहेत, दार बंद आहे, समाजाच्या लेखी तो ‘हक्काचा’ आहे, आणि तो थांबतो. पलंग तिला देतो, स्वतः उशी घेऊन बाजूला जातो. आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना लग्नाच्या पहिल्या रात्री कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठी हा सोफा म्हणजे सिनेमातल्या स्वित्झर्लंडपेक्षा मोठं स्वप्न असणार, असं मला वाटतं. आईला मी हे विचारलं नाही. काही गोष्टी मुलाने विचारायच्या नसतात. माझ्या बहिणीला ती सांगेल कदाचित.

पण सोफ्यात एक गोम आहे. थांबणं हा हिरोचा मोठेपणा म्हणून दाखवतात. ‘किती सज्जन आहे बाई!’ म्हणजे थांबला तर उपकार, नाही थांबला तर... मालिका ते वाक्य पूर्ण करत नाही. आणि दुसरं, ती पलंगावर झोपलेली बाई, तिला काय हवंय? महिनोन्‌महिने मालिका चालते आणि तिच्या तोंडून ‘मला तू हवा आहेस’ हे एवढं साधं वाक्य येत नाही. ती करवादते, दुसऱ्या बाईवर जळते, उपास करते, त्याच्या आवडीची साडी नेसते, डब्यात त्याच्या आवडीची भाजी देते. बाकी सगळं करते, फक्त बोलत नाही. कारण मालिकेतली चांगली बाई ‘हो’ म्हणत नाही, ती लाजते.

आणि माझा मुद्दा इथेच आहे. जिथे ‘हो’ मोठ्याने म्हणायची सोय नाही, तिथे ‘नाही’ला वजन कुठून येणार? ती गप्प असली की लाजली, ती ‘नको’ म्हणाली तरी लाजली, ती निघून गेली तरी लाजली. मग नकार दिसायचा कसा?

गंमत म्हणजे ‘हो’ म्हणायची मुभा आपल्या मालिकांनी तरुण नायिकांआधी मोठ्या बायकांना दिली. ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये निवेदिता सराफांची आसावरी विधवा, मुलाचं लग्न झालेलं, आणि ती अभिजीत राजेंशी लग्न करते. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती घटस्फोट घेते आणि मग विचार करून, वेळ घेऊन आशुतोषला होकार देते. आमच्या चाळीत त्यावर भांडणं झालीत. “या वयात शोभतं का?” असं म्हणणाऱ्या काकू दुसऱ्या दिवशी बरोबर वेळेवर टीव्हीसमोर! अर्थात या दोन्ही गोष्टी लग्नाच्या होकारापाशी थांबल्या. त्यापुढे कॅमेरा देवघराकडे वळतो.

आता जे सांगणार आहे ते रेकॉर्ड करताना तीनदा थांबलो होतो.

मी एफवायला होतो. उल्हासनगरच्या एका कॉलेजात, अंबरनाथहून एकच स्टेशन. एक मुलगी बदलापूरहून यायची. मी अंबरनाथला त्याच लोकलमध्ये चढायचो, ती लेडीज डब्यात. उल्हासनगरला उतरलं की मी पुलावर थांबायचो आणि मग कॉलेजच्या गेटपर्यंत तिच्या मागे, वीसेक पावलं अंतर ठेवून चालायचो. रोज. तीन महिने. कधी बोललो नाही, हात लावला नाही, शिट्टी मारली नाही. मला वाटायचं मी फार सभ्य आहे. मित्र म्हणायचे, “भाई, आज बघितलं तिने.” आणि माझा दिवस बनायचा.

ती मान खाली घालून भरभर चालायची. मला वाटायचं लाजते. ती कानात हेडफोन घालायची. मला वाटायचं गाणी ऐकते. एक दिवस तिच्याबरोबर भाऊ होता. मला वाटलं, अरे वा, स्टोरी पुढे सरकली! मग ती दिसेनाशी झाली आणि मी दोन आठवडे देवदास.

दोन वर्षांनी तिच्या वर्गातल्या एकीकडून कळलं. ती एक स्टेशन पुढे, विठ्ठलवाडीला उतरायला लागली होती. तिथून रिक्षाने उलटी कॉलेजला यायची. रोजचा जास्तीचा खर्च ती डब्याच्या पैशांतून काढायची. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. भाऊ एकदा आला होता तो तिनेच काहीतरी खोटं कारण सांगून आणलेला. त्याला काही माहीत नव्हतं.

म्हणजे ती मला तीन महिने रोज ‘नाही’ सांगत होती. मान, पावलं, हेडफोन, भाऊ, शेवटी अख्खं स्टेशन बदलून. मला यातलं एकही वाचता आलं नाही, कारण मी ज्या भाषेत वाचत होतो त्यात या सगळ्याचा अर्थ ‘लाजली’ असा लिहिलेला होता. ती भाषा सगळी मालिकेचीच होती असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. डोळे माझे होते. पण शब्दकोश कुठून आला, ते तरी कळायला हवं.

कायद्यात याला पाठलाग म्हणतात. २०१३ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७८. बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे लागणं, संपर्क करणं किंवा करायचा प्रयत्न करणं. तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणंही त्यातच येतं. पहिल्यांदा दोषी ठरलं तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. तिचं इन्स्टा मला नंतर सापडलं. सॉरीचा मेसेज टाइप करून ठेवला होता. मग वाटलं, हे पुन्हा तिच्या मागे पुलावरून चालणंच झालं. डिलीट केला.

गप्प राहणं म्हणजे होकार, ही समजूत फक्त एफवायच्या पोरांची नाही. ती एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही होती, आणि केस आपल्या महाराष्ट्रातली. २६ मार्च १९७२ची रात्र. देसाईगंज पोलीस चौकी, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मथुरा या नावाने आपण ओळखतो ती आदिवासी मुलगी, वय साधारण चौदा ते सोळा, चौकीत आणली गेली आणि दोन पोलिसांवर तिच्यावरच्या अत्याचाराचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. कारण? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचा पुरावा नव्हता. रात्रीची वेळ, पोलीस चौकी, दार आतून बंद, समोर वर्दी. आणि प्रश्न काय, तर ओरडली का नाहीस?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुकाट सोसणं आणि संमती देणं यात फरक आहे, हा त्याचा गाभा. १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. मग २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच आली. स्वतःच्या मर्जीने, निःसंदिग्धपणे, शब्दांतून किंवा खुणेतून, त्या विशिष्ट कृतीसाठी दिलेली तयारी म्हणजे संमती. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून होकार होता असं धरता येणार नाही. आज हे न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. त्याच कलमात अपवादही आहे, बायको अठराच्या वरची असेल तर नवऱ्याला हे लागू नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची यावर दोन मतं पडली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तोवर घरातल्या लैंगिक छळासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, तो बायकोलाही संरक्षण देतो.

टीव्हीवरचा बलात्काराचा सीन मात्र १९७८ मध्येच अडकलाय. गोडाउन, गुंड, फाटलेली बाही, किंकाळी आणि दार तोडून येणारा हिरो. तो सीन तिच्याबद्दल नसतोच, तो हिरोच्या एंट्रीबद्दल असतो. आणि त्यातून आपल्या मनात धोक्याचा एक चेहरा पक्का बसतो, अनोळखी आणि दाढीवाला. एनसीआरबीचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की ९० टक्क्यांच्या वर प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २० ऑगस्ट २०२४ला बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले, तेव्हा मी अंबरनाथच्या प्लॅटफॉर्मवर अडकलो होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या बंद. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुली, आणि आरोप शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर. पुढच्या महिन्यात तो पोलिसांच्या गोळीने मेला, म्हणजे त्याच्यावर खटला चाललाच नाही. तिथे संमतीचा प्रश्नच नव्हता. अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदा संमती मानतच नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्या सुनावणीत मुलग्यांना शिकवण्याबद्दल जे बोललं गेलं ते मला लागलं. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात मुलींना सूचना चालू होत्या. इकडे जाऊ नकोस, त्याच्याशी बोलू नकोस. मुलग्यांना कोणी काही सांगितल्याचं मी ऐकलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. (लहान मुलांबाबत काही लक्षात आलं तर १०९८. बायकांसाठी १८१.)

‘देवमाणूस’चा विषय निघणार हे माहीत होतं, ग्रुपवर आधीच तिघांनी विचारलंय. किरण गायकवाडने केलेला तो खोटा डॉक्टर गोड बोलून बायकांना जाळ्यात ओढतो. मला ती मालिका भीतीपेक्षा यासाठी महत्त्वाची वाटते की त्यात बायका ‘हो’ म्हणतात, पण तो ‘हो’ खोट्या माणसाला दिलेला आहे. लग्न करायचा इरादाच नसताना लग्नाचं वचन देऊन ठेवलेले संबंध न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये गुन्हा आहेत, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. तक्रार एवढीच की अर्ध्या महाराष्ट्राला शेवटी तो डॉक्टरच आवडायला लागला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही हां. अमेरिकेत ‘जनरल हॉस्पिटल’ नावाची रोजची मालिका आहे. १९७९ मध्ये त्यात ल्यूक हा लॉरावर बलात्कार करतो. जोडी लोकांना आवडली, आकडे चढले, आणि मालिकेने त्या घटनेला हळूहळू वेगळंच नाव दिलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये दोघांचं लग्न लावलं, सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं. त्या घटनेकडे पुन्हा सरळ बघायला मालिकेला १९९८ उजाडावं लागलं. आकडे चढले की बाईचा नकार पुसला जातो, मग स्टुडिओ गोरेगावचा असो की कॅलिफोर्नियाचा.

चांगलं उदाहरण हवं असेल तर ‘क्रिमिनल जस्टिस’चा २०२० मधला दुसरा सीझन बघा, ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’. कीर्ती कुल्हारीने केलेली अनू कोर्टात नवऱ्याबद्दल बोलायला किती वेळ घेते, शब्द कसा सापडत नाही, यावर अख्खी गोष्ट उभी आहे. गोडाउन नाही, गुंड नाही. उच्चभ्रू घर, नीट घातलेली चादर. आणि पंकज त्रिपाठींचा वकील तिचं ऐकून घेतो. हे रोजच्या मालिकेत करता येणार नाही असं मला कोणी सांगू नये.

मालिकेतलं काही खटकलं तर तक्रार करता येते, हेही फार जणांना माहीत नसतं. आधी चॅनेलकडे लेखी करायची, त्यांनी पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर बीसीसीसी, म्हणजे वाहिन्यांनी २०११ मध्ये स्थापन केलेली परिषद, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चालते. तारीख, वेळ, सीन नीट लिहायचा. मीम बनवण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, बस्स.

तर त्या रात्री मंगळसूत्रावरून आमच्याकडे वाद चालला, पोळ्या गार झाल्या. शेवटी आई वैतागून म्हणाली, “मग तुम्हीच लिहा ना सीन. बघू कसं जमतं.” लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिघं बसलो. माझा सीन फारच फिल्मी झाला, त्यात पाऊस आला. बहिणीच्या सीनमध्ये नायिकाच विचारते, “हात धरू का?” आणि हिरो घाबरतो. आम्ही जाम हसलो.

आईने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग दोन ओळी लिहिल्या आणि बिल उलटं करून ठेवलं. ती झोपल्यावर बहिणीने वाचलं. ती म्हणते, “आज नको.” तो म्हणतो, “बरं.” आणि उठून स्वतःच चहा ठेवतो.

बहिणीचं म्हणणं, यात हुक नाही, चॅनेल घेणार नाही. तुमचा सीन काय असेल? एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलंत तरी चालेल. पुढच्या भागात ऐकवतो. आईला विचारलंय, तिची हरकत नाही.